इंग्रजीतले तऱ्हेवाईक शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला माझा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग असतो. निम्मी मुलं स्पर्धा परीक्षेची, काही बारावीची, दोघं-तिघं दिवसभर नोकरी करून येणारे. घरी बहुतेकांची अहिराणी, शाळेत मराठी, मोबाइलवर हिंदी, आणि इंग्रजी काय ती माझ्या फळ्यावर. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात मी रोज एक तऱ्हेवाईक शब्द लिहितो आणि त्याखाली तीन गोष्टी : अर्थ, मूळ, जात. लिहून खडू ठेवायच्या आत मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, याना अर्थ काय शे?" तिथून जे प्रश्न सुरू होतात, त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत.

शब्दाची जात माहीत असणं एवढं गरजेचं आहे का? अर्थ कळला की झालं ना?

नाही झालं. अर्थ कळला तर वाक्य समजतं, जात कळली तर वाक्य करता येतं. नाम आहे की क्रियापद, हे माहीत नसेल तर तो शब्द खिशातल्या फाटक्या नोटेसारखा. आहे, पण चालत नाही.

मराठीत जाती आठ, इंग्रजीतही परंपरेनं आठच. हा योगायोग नव्हे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा साचा होता. पण साचा सारखा असला तरी माल वेगळा. आपण 'टेबलावर' म्हणतो, 'वर' मागून येऊन चिकटतो. इंग्रजीत 'ऑन' पुढे आणि सुटा. दुसरं म्हणजे इंग्रजी शब्द कपडे न बदलता जात बदलतो. 'राउंड' घ्या. फेरी म्हणून नाम, गोल म्हणून विशेषण, वळसा घालणे म्हणून क्रियापद, 'भोवती' या अर्थानं कधी क्रियाविशेषण तर कधी शब्दयोगी. पाच कामं, स्पेलिंग एकच. म्हणून इंग्रजीत जात शब्दावरून नाही, वाक्यातल्या जागेवरून ओळखायची.

देवळालीवरून इंग्रजीत शब्द आहे, हे खरं का?

खरं. 'डूलॅली'. विशेषण. अर्थ : डोकं फिरलेला, भ्रमिष्ट.

भुसावळ-देवळाली पॅसेंजरनं ज्यांनी धक्के खाल्लेत त्यांना हा शब्द पाठ करायची गरज पडत नाही. गंमत बाजूला. एकोणिसाव्या शतकात देवळालीला ब्रिटिश फौजेची मोठी छावणी होती. हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे शिपाई तिथे येऊन विलायतेला जाणाऱ्या जहाजाची वाट बघत बसायचे. जहाजं सुटायची हिवाळ्याच्या मोसमात. ज्याची मुदत चैत्रात संपली तो दिवाळीपर्यंत अडकला. काम नाही, ऊन मरणाचं, हाताशी दारू. त्यातून माणसं सैरभैर व्हायची. त्या अवस्थेला शिपायांनी नाव दिलं 'डूलॅली टॅप'. त्यातला 'टॅप' हा नळाचा नाही, तो आपला ताप. पुढे ताप उतरला, म्हणजे शब्दातून गळाला, आणि नुसतं 'डूलॅली' राहिलं. ब्रिटनमध्ये अजूनही 'तो डूलॅली झाला' असं सहज म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांना हे गाव नाशिकरोडच्या पुढच्या स्टेशनाचं आहे याची दादही नसते.

वेडेपणासाठी असे आणखी शब्द आहेत का?

आहेत, आणि दोन तर आपल्या शेतातलेच.

एक 'बनानाज'. जळगावच्या मुलांना सांगितलं की पोट धरून हसतात. केळं म्हणजे 'बनाना', नाम. अनेकवचन केलं की बोली इंग्रजीत ते विशेषण होऊ शकतं : वेडा, पिसाळलेला. शब्द मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेला. रावेर-यावलच्या केळीबागांशी त्याचं नातं नाही, बागा आपल्या, शब्द त्यांचा.

दुसरं वांगं. ही गोष्ट जरा लांब आहे, पण भरीत खाणाऱ्या माणसाला एवढी ऐकावीच लागेल. संस्कृतात 'वातिंगण' असा शब्द होता. तो फारसीत 'बादिंगान' झाला, अरबीत 'बादिंजान', आणि अरबांनी पुढे 'अल' जोडला. अरबांबरोबर वांगं स्पेन-पोर्तुगालला पोचलं. पोर्तुगिजांनी त्याचं 'बेरिंजेला' केलं आणि तोच शब्द गलबतात घालून परत आपल्याकडे आणला, त्याचं झालं 'ब्रिंजल'. म्हणजे परदेशात शिकून आलेला घरचाच पोरगा. तिकडे कॅटलनमधून फ्रेंचमध्ये गेलेल्या अरबी शब्दाचं 'ऑबर्जीन' झालं, इंग्रज आजही तेच म्हणतात. अमेरिकन 'एगप्लँट' म्हणतात, कारण युरोपात आधी परिचयाची झालेली एक जात पांढरी, लहान, अंड्यासारखी होती. वेस्ट इंडीजमध्ये तर 'ब्रिंजल'चं 'ब्राउन-जॉली' केलं.

आणि वेड? इटालियनमध्ये वांग्याला 'मेलान्झाना' म्हणतात. लोकांनी त्याची फोड 'मेला इन्साना' अशी केली, म्हणजे वेडं सफरचंद. जुन्या इंग्रजीतही 'मॅड ॲपल' असं नाव होतं. वांगं खाल्लं की डोकं फिरतं असा त्यांचा समज. थंडीत आमच्याकडे तुरखाट्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्याचं भरीत, ठेचलेली मिरची, कांद्याची पात आणि कळण्याची भाकरी समोर आली की डोकं फिरतं हे खरं, पण ते वेगळ्या अर्थानं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. केळीलाही त्याच वर्षी.

हिंदीचे नकोत, मराठीतून थेट इंग्रजीत गेलेला एखादा शब्द सांगा.

मुंगूस. इंग्रजीत 'मंगूस', नाम. शेताच्या बांधावरून पळणारा आपला प्राणी आपल्याच नावानं जगभर गेला.

परीक्षेत विचारतात ते त्याचं अनेकवचन. स्पेलिंगच्या शेवटी 'गूस' दिसतो, 'गूस' म्हणजे हंस, त्याचं अनेकवचन 'गीस', म्हणून मुलं 'माँगीस' लिहून मोकळी होतात. चूक. साधं 'मंगूसेस'. मुंगसाचा आणि हंसाचा काही संबंध नाही. इंग्रजांच्या कानाला 'गूस' ओळखीचा वाटला म्हणून त्यांनी तसं लिहिलं, इतकंच.

अनोळखी आवाजाला ओळखीच्या शब्दाचा सदरा चढवायचा, या खोडीलाही इंग्रजीत नाव आहे : 'हॉब्सन-जॉब्सन'. नाम. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांना असा ऐकू आला. हॉब्सन आणि जॉब्सन ही दोन्ही अस्सल इंग्रजी आडनावं. युल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ साली हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा जाडजूड कोश काढला, त्याला हेच नाव दिलं. आपण हसायचं कारण नाही. लाटसाहेब, लालटेन, पलटण ही आपलीही तीच खोडी.

आपले शब्द तिकडे गेल्यावर त्यांची जात तीच राहते का?

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत रसाळ प्रश्न हा आहे, आणि उत्तर आहे : बऱ्याचदा नाही. बाजारात, बराकीत, स्वयंपाकघरात साहेबानं जो आवाज ऐकला तो उचलला. तो नाम होता की हुकूम, हे कोण विचारतंय?

'शॅम्पू' बघा. हिंदीत 'चाँपना' म्हणजे दाबणे, त्याचं आज्ञार्थी 'चाँपो'. 'दाब रे' हा हुकूम इंग्रजीत क्रियापद झाला, अर्थ अंग रगडणे. पाटण्याच्या शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ब्रायटनला वाफेचं स्नान आणि चंपीचं दुकान थाटलं आणि राजाच्या अंगालाही हात लावला. केस धुण्याचा अर्थ नंतर आला, बाटलीतलं नाम त्याच्याही नंतर. आता तेच नाम एका रुपयाच्या पुडीत बसून आपल्या किराणा दुकानात लोंबतंय.

'डेको' आपला 'देखो'. इथे क्रियापद, तिथे नाम. ब्रिटिश बोलीत 'एक डेको घेतो' म्हणजे एक नजर टाकतो.

पण माझा लाडका 'बॉबरी'. अर्थ गोंगाट, आरडाओरडा, धिंगाणा. नाम. मूळ? 'बाप रे!' खरंच. आपलं केवलप्रयोगी अव्यय, म्हणजे वाक्यात ज्याला कुणाशी देणंघेणं नसतं असा एकटा जीव, इंग्रजीत जाऊन घरदारवालं नाम झाला. आज तिकडेही तो जवळजवळ विसरला गेलाय, पण मी दर वर्षी फळ्यावर लिहितोच.

'चिंट्झ'मध्ये जात नाही, वचन बदललं. छींट म्हणजे ठिपक्या-फुलांचं छापील कापड. अनेकवचन म्हणून इंग्रजांनी शेवटी 'स' लावला, 'चिंट्स'. पुढे ते अनेकवचन होतं हेच विसरले आणि एकवचन समजून 'झेड' घातला. मग त्यावरून 'चिंट्झी' विशेषण काढलं : भडक, सवंग. 'लूट' मात्र जशीच्या तशी गेली, नाम म्हणून आणि क्रियापद म्हणूनही. ती नेताना त्यांनी काही बदल केला नाही, याचं मला फारसं नवल वाटत नाही.

जिनिंगमधलं 'जिन' आणि दारूची 'जिन' एकच का?

स्पेलिंग एक, रक्त वेगळं. कापसाच्या जिनाचं मूळ 'एंजिन'. पुढचं टोक तुटलं, मागचं राहिलं. त्याच्याही मागे जाल तर लॅटिनमध्ये 'इंजेनियम', म्हणजे अंगची हुशारी. त्यामुळे जिन, एंजिन आणि इंजिनिअर ही सख्खी भावंडं. दारूची जिन आली 'जिनेव्हर'वरून, म्हणजे ज्युनिपरच्या फळांवरून.

एली व्हिटनीनं अमेरिकेत सरकी काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं १७९४ साली. तिकडे १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे गावोगावी जिन-प्रेस उभे राहिले. माझे आजोबा "जिनात जातो" म्हणायचे तेव्हा 'हुशारीत जातो' असं म्हणत होते, हे त्यांना सांगायला पाहिजे होतं.

भुसावळचा यार्ड आणि कापड मोजायचा यार्ड?

तेही वेगळे. मोजायचा यार्ड जुन्या इंग्रजीतल्या काठीवरून. रेल्वेचा यार्ड कुंपण घातलेल्या जागेवरून, तो 'गार्डन'चा चुलतभाऊ. दोन्ही नामच.

पहिल्या पावसाच्या वासाला इंग्रजीत शब्द आहे म्हणतात.

'पेट्रिकॉर'. नाम. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत भाजलेल्या काळ्या रानावर जूनचे पहिले टपोरे थेंब पडतात आणि भेगांमधून जो वास वर येतो, तो. मराठीत आपल्याकडे मृद्गंध आहेच.

शब्द फार जुना वाटतो, पण तो १९६४ सालचा आहे. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी तो घडवला. ग्रीक 'पेट्रा' म्हणजे दगड. 'आयकॉर' म्हणजे ग्रीक देवांच्या नसांमधून वाहणारा द्रव. कोरड्या दिवसांत दगडमातीवर एक तेलकट अंश साचतो आणि ओलावा लागला की त्याचा वास सुटतो, असं त्यांनी दाखवलं. मातीतल्या जंतूंनी तयार केलेलं जिओस्मिन नावाचं द्रव्यही त्या वासात असतं. आणि ज्या लेखात त्यांनी हा शब्द मांडला त्यातच नोंदवलं की उत्तर प्रदेशातले अत्तरवाले हाच वास 'मिट्टी का अत्तर' म्हणून आधीपासून कुपीत भरत होते. शब्द त्यांचा, कुपी आपली.

थंडीतल्या कोवळ्या उन्हाला?

'ॲप्रिसिटी', नाम, लॅटिन 'ॲप्रिकस' म्हणजे उन्हं खाल्लेला, त्यावरून. हेन्री कॉकरमच्या १६२३ सालच्या कोशात तो सापडतो आणि नंतर जवळजवळ गायब होतो. जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकडी होतो तेव्हा सकाळी ओट्यावर पाठ करून बसलेल्या म्हाताऱ्यांना बघितलं की वाटतं, हा शब्द मरायला नको होता. वापरायला मात्र अवघड. 'कोवळं ऊन' हे दोन शब्द त्याच्यापेक्षा चांगले आहेत.

'उंटावरचा शहाणा' इंग्रजीत कसा म्हणायचा?

'अल्ट्राक्रेपिडेरियन'. विशेषण, आणि त्याच स्वरूपात नामही. जीभ वळायला आठवडा लागतो.

गोष्ट रोमन लेखक प्लिनीनं सांगितलेली. अपेलीझ नावाचा ग्रीक चित्रकार आपली चित्रं बाहेर मांडून मागे लपून लोक काय बोलतात ते ऐकायचा. एक चांभार म्हणाला, चपलेचा पट्टा चुकलाय. अपेलीझनं तो मुकाट सुधारला. दुसऱ्या दिवशी चांभाराला चेव आला, तो पायाच्या पोटरीवरही बोलू लागला. तेव्हा चित्रकार बाहेर आला आणि म्हणाला, चपलेच्या वर बोलू नकोस. लॅटिनमध्ये 'क्रेपिडा' म्हणजे चप्पल, 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडे. विल्यम हॅझलिटनं १८१९ साली एका टीकाकाराला झोडताना हा शब्द वापरला. मला स्वतःला वाटतं, पोटरीबद्दल चांभार बरोबरही असेल. तो काय म्हणाला ते कुणी लिहून ठेवलं नाही.

याच माळेतला 'गाँगूझलर', नाम : कालव्याकाठी उभं राहून बोटींकडे नुसता बघत राहणारा रिकामटेकडा. गिरणेच्या पाटात बोटी नाहीत, पण गावात जेसीबी आला की त्याच्याभोवती जे कडं जमतं त्याला हा शब्द बिनधास्त लावा.

इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द कोणता?

कोशांमध्ये पंचेचाळीस अक्षरांचा एक फुप्फुसाचा रोग आहे, तो १९३० च्या दशकात कोडी सोडवणाऱ्या मंडळींनी मुद्दाम लांब व्हावा म्हणूनच घडवला. नाम. पाठ करून पाहुण्यांना ऐकवायला ठीक. याहून जास्त वेळ मी त्याला देत नाही.

कोशात आहे म्हणजे शब्द खरा, असं धरावं का?

१९३४ सालच्या वेब्स्टरच्या मोठ्या अमेरिकन कोशात 'डॉर्ड' असा शब्द छापला गेला. अर्थ : घनता. जात : नाम. उच्चारही दिलेला. लोक बरीच वर्षं तो बघत होते.

झालं होतं असं. रसायनशास्त्राच्या संपादकानं १९३१ साली एक चिठ्ठी पाठवली होती : 'मोठा डी किंवा छोटा डी', म्हणजे ही अक्षरं घनतेसाठी वापरतात, संक्षेपांच्या यादीत घ्या. 'किंवा'ला इंग्रजीत 'ऑर'. त्या काळी कोशातला मूळ शब्द अक्षरांमध्ये जागा सोडून टाइप करत. वाचणाऱ्यानं 'डी ऑर डी' सलग वाचलं आणि 'डॉर्ड' जन्माला आला. पुढच्या टेबलावर कुणीतरी त्याला जात दिली, त्याच्या पुढच्यानं उच्चार. आपल्याकडे सातबाऱ्यावर एकदा नाव चुकलं की पुढे काय काय चिकटत जातं, तसं. १९३९ साली एका संपादकाच्या लक्षात आलं की या नोंदीला व्युत्पत्तीच नाही. आईबाप सापडेनात म्हणून चोरी पकडली गेली. मी मुलांकडून दुसरा रकाना, मुळाचा, का भरून घेतो त्याचं कारण हे.

मूळ कळलं की अर्थ आपोआप कळतो ना?

मीही तसंच धरून चाललो होतो आणि तोंडावर आपटलो. पंचविशीत एका संस्थेत नोकरीसाठी अर्ज केला. जाडे शब्द घातल्याशिवाय अर्ज वजनदार होत नाही ही समजूत. लिहिलं की आपल्या संस्थेचं कार्य मला 'एनर्व्हेट' करतं. मनात होतं, ऊर्जा देतं. 'एनर्जी'सारखाच दिसतो की. क्रियापद आहे हे बरोबर होतं, वाक्यही व्याकरणशुद्ध होतं. मुलाखतीत एका बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "आमच्या कामानं तुम्ही एवढे गळून जाता का?" 'ए' म्हणजे बाहेर, 'नर्व्ह' म्हणजे शीर. शीरच काढून घेतलेला, निर्जीव. नोकरी लागली नाही, शब्द कायमचा लागला.

मूळ हे आठवण ठेवायची खुंटी आहे, अर्थाची पावती नव्हे. 'नाइस'चं मूळ लॅटिनमध्ये 'अडाणी' असं आहे. आता कुणी तुम्हाला नाइस म्हणालं तर भांडायला जाऊ नका.

शेपटीवरून जात ओळखता येते का?

बऱ्यापैकी. 'शन' आणि 'इटी' बहुधा नाम, 'अस' विशेषण. पण 'ली' दिसला की क्रियाविशेषण, हे डोळे मिटून लिहू नका. 'फ्रेंडली' विशेषण आहे. काही शब्दांत जात नुसत्या जोरावर ठरते. 'रेकॉर्ड'च्या पहिल्या भागावर जोर दिला तर नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद.

असे शब्द परीक्षेत किंवा मुलाखतीत वापरावेत का?

वरचा एनर्व्हेटचा किस्सा पुन्हा वाचा.

उद्या फळ्यावर कोणता शब्द?

'डिफेनेस्ट्रेशन'. नाम, क्रियापद हवं तर 'डिफेनेस्ट्रेट'. लॅटिन 'फेनेस्ट्रा' म्हणजे खिडकी. अर्थ : माणसाला खिडकीतून बाहेर फेकणे. एवढ्या एका कामासाठी स्वतंत्र शब्द लागला, कारण प्रागच्या लोकांना ती सवयच होती. २३ मे १६१८ रोजी त्यांनी किल्ल्याच्या खिडकीतून तिघांना खाली टाकलं आणि त्यातून युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं. तिघंही वाचले. कॅथलिक म्हणाले, मेरीमातेनं झेललं. प्रॉटेस्टंट म्हणाले, खाली उकिरडा होता. आमचा वर्ग तळमजल्यावर भरतो, तेव्हा पालकांनी निर्धास्त राहावं.